खंडेनवमीला पुजलेलं सर्टिफिकेट

मी इलेक्ट्रिशियन आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात आणि मग माझ्या पाठीमागं कोणी गडी उभा आहे का ते बघतात. कोणी नसतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं. सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. दुकानात पुढं मी असते आणि आतल्या खुर्चीवर मामा पेपर वाचत बसलेले असतात. गिऱ्हाईक सवयीनं थेट त्यांच्याकडं जातं. मामा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, तिला सांगा. मग पाहुणे, आमच्याकडं गिऱ्हाइकाला पाहुणेच म्हणतात, नाइलाजानं माझ्याकडं वळतात आणि मोटर कशी जळली ते सांगायला लागतात, तेसुद्धा निम्मं मामांकडं बघतच.

शेतातली मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून टाकायची आणि नवी गुंडाळायची, हे आमचं काम. मामांची बोटं थरथरायला लागली तेव्हापासून ते सगळं माझ्या हातावर आलं. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर जातो. चांगला माणूस आहे, पण तारेच्या नादाला कधी लागला नाही. आमची पोरगी बालवाडीत आहे, तिला सासूबाई सांभाळतात. म्हणजे दुकान चालतंय ते मी बसते म्हणून, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलून दाखवत नाही.

माझं माहेर शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्याही पुढं. भाताची शेती. दहावीला मला बरे मार्क होते, पण अकरावीला रोज मलकापूर गाठायचं म्हणजे एस.टी.च्या भरवशावर, आणि पावसाळ्यात आमच्याकडची एस.टी. आली तर आली. कोल्हापुरात आयटीआयला मुलींना जागा मिळते, राहायची सोय होते, असं कुणीतरी वडलांच्या कानावर घातलं आणि मी दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला लागले. पास झाले. सर्टिफिकेट आलं. पण बरोबरच्या मुली कॉलेजला जात होत्या, त्यामुळं माझं शिकणं कुणी शिकण्यात धरलंच नाही. लग्नकार्यात एखादी मावशी विचारायची, काय शिकलीस गं? आयटीआय म्हटलं की, म्हणजे कॉलेज न्हाय, असं स्वतःच उत्तर देऊन ती पुढच्या पोरीकडं वळायची. माझं असं डोकं फिरायचं की तिच्या घरचा फ्यूज काढून आणावा.

वायंडिंगचं काम मला येतं, चांगलं येतं, हे सांगायला मी लाजत नाही. पण खरं बोलायचं तर ते नकलेचं काम आहे. जळलेल्या मोटरीतले तारेचे वेढे मोजायचे, जाडी बघायची आणि तसंच्या तसं परत घालायचं. इतकेच वेढे का, हे विचारायचं नाही. आधीच कुणीतरी उचकटून तार भंगारात घातलेली मोटर आली की मग आमचं अवघड व्हायचं. मोजणार काय? मामा ओळखीच्या दुकानांना फोन लावायचे, की बाबा, असल्या मोटरीला तुम्ही किती वेढे घालता. समोरचा हसत हसत सांगायचा आणि मी इकडं दात खात उभी. मला तो हिशेब शिकायचा होता. मोटर बघितली की आपल्याला वेढे काढता आले पाहिजेत, दुसऱ्याच्या दारात जायची वेळ येऊ नये, एवढंच. हे शिकवतात पदवीला आणि पदवीला जायचं तर बारावी पाहिजे. माझी बारावी नव्हती, त्यामुळं तो विषय मी मनातल्या मनात मिटवून टाकला होता. विद्यापीठ आमच्या दुकानापासून स्कूटरवर पाच-दहा मिनिटांवर. मी त्या रस्त्यानं शंभरदा गेले असेन, मोटरी पोचवायला.

तो विषय परत काढला आमच्या आयटीआयच्या सरांनी. मी एका मीटरची शंका विचारायला त्यांच्याकडं गेले होते. शंका फिटली, चहा झाला, आणि सरांनी सहज विचारलं की पुढं काही शिकलीस का. मी म्हटलं, बारावी नाही ना सर. तर ते माझ्यावर असे चिडले की बाहेरची पोरं आत डोकावायला लागली. दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड आणि बोर्डाचे भाषेचे दोन पेपर, हे मिळून बारावीच्या बरोबरीचं धरतात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं याचा त्यांना राग आला होता. विद्यापीठात आता व्यवसाय शिक्षणाचा पदवीचा कोर्स निघाला आहे, वीज आणि सोलरचा, तिथं आयटीआयवाल्यांना जागा आहेत, हेही त्यांनीच सांगितलं.

"अगं, तुझी बारावी निम्म्याच्या वर होऊन पडलीय," सर म्हणाले. "तू उरलेले दोन पेपर तेवढे दे."

त्या दिवशी मी दुकानात परत आले ती गुणगुणतच. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी दहावीनंतर भलत्याच रस्त्याला लागले आणि मागं फिरायला आता वाट नाही. आणि तो रस्ता सरळ तिकडंच जात होता! कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दे की." आणि पेपराचं पान उलटलं.

मराठीचा पेपर बरा गेला. इंग्रजीचा पेपर ज्यानं कुणी तपासला त्याला देव सुखी ठेवो. पास झाले. मग विद्यापीठाचा अर्ज मोबाईलवरून भरला. सर्टिफिकेटचा फोटो टाकायचा होता, तो मी लग्नाआधीच्या जुन्या झेरॉक्सचा काढून टाकला, कारण ती फाईलमध्ये वरच सापडली. यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. आता मूळ कागद घेऊन जायचे, ते तपासले की प्रवेश पक्का. वर्ग सकाळचे, जेवणाच्या वेळेपर्यंत. म्हणजे बरोबर दुकान जोरात असतं तेव्हा. दुकानाचं काय, हे मी मामांना विचारलं नाही आणि तेही काही बोलले नाहीत. नवरा म्हणाला, आधी मिळू तर दे. मला ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं. पण रोज सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना तोच प्रश्न परत समोर यायचा.

कागद तपासायला मी शेवटच्या दिवशी गेले, त्याला कारण होतं. पंचगंगेला पाणी चढून उतरलं होतं. नदीकाठच्या विहिरींवरच्या मोटरी पाण्यात बसल्या की पाणी ओसरल्यावर सगळ्या एकदम आमच्याकडं येतात. चिखलानं भरलेल्या मोटरींची दारात रांग लागते, बसायला जागा राहत नाही, आणि प्रत्येक पाहुण्याला आपलीच आधी पाहिजे असते. आज जाते, उद्या जाते, करता करता शेवटचा दिवस उगवला. सकाळी मी हात रॉकेलनं धुतले, मग साबणानं धुतले, बरी साडी नेसले आणि विद्यापीठात गेले.

कागद तपासायला वयानं मोठ्या एक मॅडम होत्या, चष्मा नाकावर, आवाज हळू. त्यांनी दहावीचं मार्कशीट बघितलं, बोर्डाचा निकाल बघितला, मान हलवली. मग आयटीआयचं सर्टिफिकेट हातात घेतलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी ते खिडकीच्या उजेडाकडं धरलं. मग पालथं करून बघितलं.

"हे काय सांडलंय यावर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हळद आहे. आणि थोडं कुंकू. आणि ते जांभळं पसरलंय तो शिक्का आहे, नारळाच्या पाण्यानं पसरलाय. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. नंबर वाचता येत नव्हता, शिक्का कुणाचा ते कळत नव्हतं, आणि अर्जाबरोबर जोडलेल्या फोटोत मात्र सगळं स्वच्छ होतं. त्यामुळं उलट जास्तच संशय यायला जागा होती. आताच्या पोरांची सर्टिफिकेटं मोबाईलवर दिसतात, आमची बॅच त्याच्या आधीची, कागदावरचीच. मॅडमनी शांतपणे सांगितलं की हे असं त्यांना घेता येणार नाही. ज्या संस्थेनं दिलं तिचं पत्र पाहिजे, सही-शिक्क्याचं, आणि ते आज पाचच्या आत. पाचला यादी बंद होते आणि रिकामी जागा पुढच्याला जाते.

"मी पाचपर्यंत इथंच आहे," त्या म्हणाल्या. "तुमची फाईल बाजूला ठेवते."

बाहेर आले आणि स्कूटर थेट दुकानाकडं वळवली.

ती हळद कशी लागली, हे सांगायला पाहिजे. खंडेनवमीला आमच्या दुकानात हत्यारांची पूजा असते. दसऱ्याचा आदला दिवस. मशीन धुऊन पुसून घ्यायचं, पकडी, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, मीटर सगळं स्वच्छ पंच्यावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी सगळ्यावर शिंपडायचं. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मामा मला म्हणाले, तुजं हत्यार आण. मी आयटीआयतली माझी पकड आणून ठेवली. ते म्हणाले, पकड काय, कुणाकडंबी असत्या, तुजा त्यो कागद आण. मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी खरंच ते सर्टिफिकेट पंच्यावर मधोमध ठेवलं, मीटरच्या शेजारी, आणि ओल्या बोटानं त्याला हळद लावली. नेमकी नंबरावर.

पुढं दरवर्षी तेच. एका वर्षी मी म्हटलं, मामा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवू का? तर म्हणाले, मग हळद प्लॅस्टिकला लावू व्हय? खरं सांगते, मला ते आवडायचं. माहेरी तो कागद पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली पडून होता. पाहुण्यारावळ्यांत त्याला कुणी किंमत दिली नव्हती. आणि इथं चौथी शिकलेला हा माणूस त्याला फूल वाहत होता. कागद पिवळा होतोय, हे मला दिसत होतंच की. पण आमच्या घरात हळद लागलेली वस्तू म्हणजे मान मिळालेली वस्तू. ती खराब झाली असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही नाही. उजेडाकडं धरून बघायची वेळच कधी आली नव्हती.

पण त्या दिवशी दुपारी हे सगळं सुचायला मी शहाणी थोडीच होते? दुकानात गेले ती तणतणतच. दारात मोटरी, दोन पाहुणे खोळंबून बसलेले, आणि मामा पेपर घेऊन. मी पाहुण्यांच्या समोरच सुरुवात केली. तुमच्या हळदीनं माझी जागा चालली, मामा, म्हटलं. मी सांगितलं होतं प्लॅस्टिकमध्ये घाला म्हणून. एक कागद होता माझ्या आयुष्यात, तोसुद्धा राहिला नाही. आवाज चढला होता, रडूही येत होतं, दोन्ही एकदम. पाहुण्यांनी आपापल्या मोटरीकडं बघायला सुरुवात केली.

मामांनी पेपर खाली ठेवला. माझ्या हातातनं सर्टिफिकेट घेतलं, चष्मा लावला, आणि दारात उजेडाला जाऊन बघितलं.

"वाचाय येत न्हाय खरं," ते म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी पाहुण्यांना हात जोडले, उद्या या म्हणाले, टोपी घातली आणि शटर खाली ओढलं. पुराच्या मोटरी दारात असताना भर दुपारी आमचं शटर कधी खाली आलेलं मी पाहिलं नव्हतं. शेजारचे दुकानदार बाहेर येऊन विचारायला लागले, कोण गेलं का. मामांनी त्यांना हातानंच नाही म्हणून सांगितलं. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसले आणि मला म्हणाले, चल आयटीआयला.

आयटीआयत सर भेटले. त्यांनी कपाळाला हात लावला, पण लगेच कामाला लागले. ऑफिसातल्या बाईंनी आमच्या बॅचची नोंदवही काढली, माझं नाव आणि नंबर सापडला, आणि बाईंनी तिथल्या तिथं पत्र टाईप करून दिलं, की ही आमचीच विद्यार्थिनी, अमुक नंबरानं पास, सर्टिफिकेट खरं आहे. जावक नंबर घातला. शिक्का मारला. माझा जीव जरा खाली बसतोय तोवर बाई म्हणाल्या, सही तेवढी साहेबांची, म्हणजे प्राचार्यांची पाहिजे आणि साहेब जयसिंगपूरला गेलेत. तिथल्या एका संस्थेत परीक्षेची तपासणी होती. संध्याकाळी येतील, उशिरा. सही दुसऱ्या कुणाची चालत नव्हती. सरांनी साहेबांना फोन लावला, साहेबांनी सांगितलं की पत्र घेऊन इकडं आलात तर करतो सही.

जयसिंगपूर म्हणजे तासाभराचा रस्ता, जायला एक आणि यायला एक. मी मामांकडं बघितलं. मला वाटलं हे आता म्हणतील, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ते पत्र दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, पिशवी शर्टाच्या आत सरकवून, परत स्कूटरवर बसलेसुद्धा होते.

सून पुढं आणि सासरा मागं, असं आम्ही शिरोलीचा नाका ओलांडला. पावसाची भुरभुर होती. हातकणंगल्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांचा हंगाम नव्हता ते बरं, नाहीतर तिथंच पाच वाजले असते. रागही पुरता गेला नव्हता आणि दुकानात पाहुण्यांसमोर बोलले ते टोचतही होतं. बऱ्याच वेळानं मामा माझ्या कानाशी मोठ्यानं बोलले, वाऱ्यात ऐकू यावं म्हणून.

"आमच्या घरात सरकारी शिक्क्याचा कागद पयल्यांदा आला त्यो तुजा," ते म्हणाले. "म्हणून लावत हुतो."

मी म्हटलं, मला ठाऊक आहे मामा. आणि मला खरंच ठाऊक होतं, सुरुवातीपासूनच. मग राग कुठं गेला कळलं नाही. स्कूटर मात्र जोरात मारली.

जयसिंगपूरला साहेब एका वर्गात पर्यवेक्षकांशी बोलत उभे होते. मी तोंड उघडायच्या आत मामा पुढं झाले. टोपी काढून हातात घेतली. मामांना कुणापुढं टोपी काढताना मी फक्त देवळात बघितलं होतं. म्हणाले, सायेब, चूक माजी हाय, पोरीचा काय दोष न्हाय. आणि खंडेनवमीची सगळी हकीकत सांगितली, नारळाच्या पाण्यासकट. साहेबांनी मूळ सर्टिफिकेट मागून घेतलं आणि बघत राहिले. मला वाटलं आता आम्हाला बोलणी बसणार. तर साहेब हसायला लागले. म्हणाले, आमच्या घरी गेल्या दसऱ्याला लॅपटॉपची पूजा झाली, त्यात अक्षता शिरल्या, आजतागायत त्याची दोन बटणं दाबली जात नाहीत. पर्यवेक्षकही हसले. मामांना लॅपटॉपचं फारसं काही कळलं नसावं, पण साहेबांच्याही घरात हे होतं म्हटल्यावर त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. साहेबांनी तिथल्याच बाकावर पत्र ठेवून सही केली. मग पेनाचं टोपण लावताना मला म्हणाले, जा लवकर, आणि पदवीचं सर्टिफिकेट मिळेल ते देवाजवळ नेऊ नका. मी हो हो म्हटलं. त्या घडीला त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

परतीचा रस्ता मला आठवत नाही. पाऊस वाढला होता आणि एका ट्रॅक्टरच्या मागं आम्ही अडकलो होतो, एवढंच आठवतं. मामा एका हातानं माझ्या सीटच्या मागची दांडी धरून बसले होते आणि दुसरा हात छातीवर, शर्टाच्या आतल्या पिशवीवर. मनात सारखं येत होतं, की मॅडम उठून गेल्या असतील. विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा ऑफिसं सुटायची गडबड सुरू झाली होती, लोक छत्र्या उघडत पायऱ्या उतरत होते. मी स्कूटर नीट स्टँडला लावलीच नाही, भिंतीला टेकवली आणि पळाले.

मॅडम जागेवर होत्या. माझी फाईल खरोखरच बाजूला ठेवलेली होती, वर त्यांचा डबा. मामांनी धापा टाकत शर्टातून पिशवी काढली, पिशवीतून पत्र काढलं. कोरडं होतं. मॅडमनी ते शांतपणे वाचलं. नंबर अर्जाशी ताडून बघितला, एकेक आकड्यावर बोट ठेवून. सही बघितली, शिक्का बघितला. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, त्यांचा शिक्का काढला आणि माझ्या अर्जावर मारला.

"झालं," त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्या बाकावर बसले. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. मामा भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि टोपीनं तोंड पुसायला लागले, पावसाचं पाणी होतं की दुसरं काही ते मी बघितलं नाही. दिवसभर जो दगड छातीवर घेऊन फिरत होते तो एका शिक्क्यानं उतरला. इतकं हलकं मला पोरगी झाली त्या दिवसानंतर वाटलं नव्हतं.

मॅडम पुढचं लिहीत होत्या. वर्ग कधीपासून, कोणत्या इमारतीत, ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, इथं हजेरी कडक असते, रोज सकाळी यावं लागेल. तुम्ही कुठं काम करता का? काम असेल तर आत्ताच विचार करा, कारण बरेच जण प्रवेश घेतात आणि मग येत नाहीत. जागा अडते.

सगळा दिवस ज्याच्या पाठीमागं लपून काढला होता तो प्रश्न असा समोर आला. जागा मिळाली, पण सकाळी यायचं कसं? दुकानात मोटरींची रांग होती. माझ्याशिवाय तार गुंडाळायला कोण होतं? खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. मी मामांकडं बघितलंच नाही, त्यांना अवघड नको म्हणून. काय उत्तर द्यावं याचा विचार करतेय तोच मामांच्या खिशातला फोन वाजला.

दुपारी दुकानातून परत पाठवलेल्या पाहुण्यांपैकी एकाचा होता. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. शटर अजून बंदच आहे, मी दारात उभा आहे, मोटर उद्या सकाळी मिळते का न्हाय ते सांगा. मामांना हळू बोलायची सवय नाही, ऑफिस असो की देऊळ असो. त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि उद्यमनगरात बोलतात तसंच बोलले.

"सकाळी येऊ नगा, पावणं. हितनं पुढं दुकान दुपारचंच उघडणार." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. मामांनी ते सगळं ऐकून घेतलं. "का म्हंजे? आमची मेस्त्री सकाळची विद्यापीठात शिकाय असती."

मेस्त्री हा शब्द मामांनी आजवर फक्त स्वतःसाठी वापरला होता. त्यांनी फोन खिशात टाकला आणि मॅडमना विचारलं की अजून कुठं सही करायची राहिली आहे का. मॅडमनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. मी पेन उचललं, पण सहीची जागा मला दिसेना, तेव्हा मामांनी त्यांचं थरथरणारं बोट त्या रेघेवर ठेवलं आणि म्हणाले, हितं कर.